युरोपचा हरित गॅस : आधी टाकीचे झाकण बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

युरोपच्या ऊर्जाधोरणाविषयी मराठीत जे छापून येते, त्यात हरित गॅसचा विषय बहुधा दोन आकड्यांवर येऊन थांबतो. २०३० पर्यंत वर्षाला ३५ अब्ज घनमीटर बायोमिथेन (शेण, पीक किंवा कचरा कुजवून मिळालेल्या बायोगॅसमधला कार्बन डायऑक्साइड काढून शुद्ध केलेला मिथेन), आणि घरचा १ कोटी टन व बाहेरून आणलेला १ कोटी टन हरित हायड्रोजन (नवीकरणीय विजेने पाण्यापासून वेगळा केलेला). युक्रेनवरच्या आक्रमणानंतर मे २०२२ मध्ये युरोपीय आयोगाने ‘रीपॉवर ईयू’ योजनेत हे आकडे मांडले. रशियाच्या गॅसला पर्याय शोधायची घाई होती आणि ती समजण्यासारखी होती. पण घाईत ठरलेले आकडे आता धोरणाचा पाया होऊन बसले आहेत, म्हणून हे पत्र. गॅस किती काढला हे नंतर मोजू. तो कशापासून काढला, वाटेत किती सुटला आणि शेवटी कुठे जाळला, हे आधी विचारायला हवे. या तीन प्रश्नांची उत्तरे चुकली तर ३५ अब्ज घनमीटर गाठूनही हवामानाच्या पदरात फारसे काही पडणार नाही.

याचा सर्वांत चांगला पुरावा युरोपच्या स्वतःच्याच कायद्यात आहे. २०१८ च्या नवीकरणीय ऊर्जा निर्देशाच्या सहाव्या परिशिष्टात बायोमिथेनचे प्रमाणित उत्सर्जन दिले आहे. पातळ शेणापासून (शेण, मूत्र आणि गोठा धुतलेले पाणी यांचा रबडा) केलेला बायोमिथेन घ्या. पाचक टाकीतून निघालेली स्लरी उघड्या हौदात साठवली आणि शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारा टाकाऊ वायू तसाच हवेत सोडला, तर त्या गॅसच्या नावावर दर मेगाज्यूलमागे २२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन लागते. हौदावर झाकण घातले आणि टाकाऊ वायू जाळला, की तोच आकडा उणे १०० होतो. शेण तेच, टाकी तीच. फरक फक्त झाकणाचा आणि एका ज्वलनकक्षाचा, आणि तो १२२ ग्रॅमचा. पेट्रोल-डिझेलसाठी युरोप जो तुलनेचा आकडा धरतो तो ९४ आहे. म्हणजे अख्ख्या डिझेलच्या उत्सर्जनापेक्षा मोठा फरक एका झाकणावर अवलंबून आहे.

असे का होते हे समजायला आपल्याकडचे गोबरगॅसचे संयंत्र डोळ्यांपुढे आणले तरी पुरे. संयंत्रातून बाहेर आलेल्या स्लरीच्या कुंडीकडे दुपारच्या वेळी नीट पाहिले तर बारीक बुडबुडे सतत वर येताना दिसतात. स्लरी बाहेर आली म्हणून आतले जिवाणू काम थांबवत नाहीत. युरोपातल्या मोठ्या टाक्यांत ३७ ते ४० अंश (काही ठिकाणी ५० ते ५५ अंश) तापमानाला माल ठेवतात. तिथून निघालेली स्लरी गरम असते, तिच्यात न पचलेला सेंद्रिय भाग उरलेला असतो, आणि थंड व्हायला तिला कित्येक दिवस लागतात. तेवढे दिवस ती उघड्यावर मिथेन सोडत राहते. त्यावर उपाय म्हणजे दुसरी, झाकलेली साठवण टाकी ठेवून तिचाही गॅस मुख्य वाहिनीला जोडणे. खर्च होतो, पण जास्तीचा गॅसही मिळतो.

उणे १०० हा आकडा कुठून येतो, तेही सांगितले पाहिजे, कारण त्यावरच सगळ्यात जास्त वाद आहे. शेण गोठ्याखालच्या खड्ड्यात आणि उघड्या तळ्यात महिनोन् महिने पडून राहिले असते तर त्यातून मिथेन सुटलाच असता. तो टळला म्हणून कायदा श्रेय देतो. हे श्रेय बरोबर आहे, पण एका अटीवर : शेण ताजे असताना टाकीत गेले पाहिजे. महिनाभर खड्ड्यात कुजलेले शेण आणले तर बरेचसे नुकसान आधीच होऊन गेलेले असते, आणि गॅसही कमी निघतो. डेन्मार्कने २०२३ पासून ठरावीक वराहपालन शेडमधून रबडा वारंवार बाहेर काढणे बंधनकारक केले. हा नियम दिसायला गोठ्याच्या स्वच्छतेचा वाटतो, पण बायोगॅस धोरणातला तो सर्वांत हुशार नियम आहे असे माझे मत आहे.

आता गळतीचा हिशेब. १ किलो मिथेन जाळला की २.७५ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बायोमिथेनने खनिज गॅस हटवला तर साधारण तेवढाच वाचतो. पण १ किलो मिथेन न जळता हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो सुमारे २८ किलो, आणि वीस वर्षांच्या हिशेबाने ८० किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. यावरून गुणाकार कोणीही करावा : शंभर वर्षांच्या मापाने ९ टक्के, आणि वीस वर्षांच्या मापाने सव्वातीन टक्के गळतीला सगळा फायदा संपतो. शेणाचे श्रेय यात धरलेले नाही. मका किंवा अन्य पिकापासून गॅस करणाऱ्या प्रकल्पाला ते श्रेय मिळतही नाही, म्हणून त्याच्यासाठी हा हिशेब जास्तच कठोर आहे.

गळती प्रत्यक्षात किती असते? डेन्मार्कच्या ऊर्जा विभागाने देशभरातले अनेक प्रकल्प मोजून काढले, तेव्हा सरासरी उत्पादनाच्या सुमारे अडीच टक्के निघाली. काही प्रकल्प अर्ध्या टक्क्याच्या आत होते, काही फारच वर. सरासरीपेक्षा हा विस्तार महत्त्वाचा, कारण त्यातून कळते की गळती हा तंत्रज्ञानाचा अटळ भाग नाही. ती देखभालीची बाब आहे. २०२३ पासून तिथे गळतीची तपासणी सक्तीची झाली.

गळती कुठून होते, हे प्रकल्पावर काम करणाऱ्याला तोंडपाठ असते. टाकीवरच्या रबरी छताची कड जिथे भिंतीला दाबून बसवलेली असते ती पट्टी. ढवळणीच्या दांड्याचे आणि केबलचे भोक. आत उतरायच्या झाकणाचे गॅस्केट. पण या सगळ्यांपेक्षा मोठा चोर म्हणजे दाबमुक्ती झडप. रबरी छताखाली गॅस ९० टक्क्यांच्या वर भरून ठेवायची सवय असते. ऊन चढले की गॅस प्रसरण पावतो. त्यात शुद्धीकरण यंत्र किंवा इंजिन दोन तास बंद पडले, की झडप उघडते आणि गॅस सरळ आकाशात. पहाऱ्यावरच्या माणसाला काही कळतही नाही, कारण ना आवाज, ना ज्वाळा. उपाय साधे आहेत. छताखालचा साठा रोज निम्म्याच्या आसपास ठेवायचा. जास्तीचा गॅस जाळणारी मशाल आपोआप पेटणारी हवी आणि ती झडपेच्या आधी, कमी दाबाला पेटली पाहिजे. प्रत्येक झडपेवर उघडल्याची वेळ नोंदवणारा सेन्सर हवा. वर्षातून निदान एकदा मिथेन दाखवणारा इन्फ्रारेड कॅमेरा घेऊन सगळे सांधे बघायचे, आणि सांधा हाताशी असेल तर साबणाचे पाणी लावायचे. एवढ्याने अडीच टक्क्यांची गळती एक टक्क्याच्या खाली येते.

शुद्धीकरणाच्या पद्धतीवरही बरेच ठरते. कच्च्या बायोगॅसमध्ये मिथेन ५० ते ६५ टक्के असतो. बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. तो काढायच्या चार पद्धती रूढ आहेत. पाण्याने धुणे आणि दाब बदलून शोषण या पद्धतींत एक ते दोन टक्के मिथेन टाकाऊ वायूबरोबर जातो, वायू गाळणाऱ्या पटलाच्या (मेम्ब्रेन) पद्धतीत साधारण अर्धा ते एक टक्का, आणि अमाइनने (कार्बन डायऑक्साइड शोषणारे रसायन) धुतल्यास ०.१ टक्क्याच्या आसपास. अमाइनला वाफेची भरपूर उष्णता लागते, म्हणून जवळ फुकट उष्णता असेल तिथेच ती परवडते. बाकी तिन्ही ठिकाणी टाकाऊ वायू जाळणारे यंत्र जोडणे कायद्यानेच सक्तीचे असावे. स्वस्त निविदेत सर्वांत आधी हेच यंत्र वगळले जाते.

इथे जर्मनीची एक खास अडचण आहे. जर्मनीत नऊ हजारांहून जास्त बायोगॅस प्रकल्प आहेत. बहुतेक वीजनिर्मितीसाठी बांधलेले, आणि २००० च्या कायद्याने मिळालेल्या वीस वर्षांच्या हमीदराचा काळ आता एकेकाचा संपत चालला आहे. ‘वीज नको, गॅस शुद्ध करून वाहिनीत सोडा’ असा सल्ला त्यांना सहज दिला जातो. पण वीजनिर्मितीच्या प्रकल्पात हायड्रोजन सल्फाइड काढायला टाकीच्या वरच्या भागात थोडी हवा सोडतात. हवेतल्या ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू त्याचे गंधकात रूपांतर करतात. इंजिनाला त्यातला नायट्रोजन चालतो. गॅसवाहिनीला चालत नाही, कारण नायट्रोजन मिथेनपासून वेगळा करणे महाग असते आणि त्याने गॅसचे उष्णतामूल्य घसरते. त्यामुळे हवा बंद करून टाकीत लोहक्षार घालायचे, शेवटी सक्रिय कोळशाची गाळणी लावायची, हा सगळा बदल आधी करावा लागतो. त्यानंतरही ५०० किलोवॅटच्या इंजिनाला पुरेल एवढा, तासाला सुमारे २५० घनमीटर कच्चा गॅस ही शुद्धीकरणासाठी जेमतेम परवडणारी क्षमता. त्याहून लहान असलेल्यांनी शेजारच्या चार-पाच प्रकल्पांशी कमी दाबाची कच्च्या गॅसची वाहिनी टाकून एकच शुद्धीकरण यंत्र उभारावे, हाच व्यवहार्य मार्ग आहे. अनुदान द्यायचेच तर प्रत्येकाच्या अंगणात स्वतंत्र यंत्राला देण्यापेक्षा या सामाईक वाहिनीला द्यावे.

हायड्रोजन सल्फाइडचा उल्लेख निघालाच आहे, तर सुरक्षिततेची गोष्टही सांगतो. नोव्हेंबर २००५ मध्ये जर्मनीत राडेराइस्टेट इथे बायोगॅस प्रकल्पाच्या स्वीकार खड्ड्यात कत्तलखान्याचा कचरा ओतताना हा वायू सुटला आणि चार माणसे दगावली. हा वायू कमी प्रमाणात सडक्या अंड्यासारखा वास देतो. जास्त प्रमाणात तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास नाही म्हणजे धोका नाही असे समजून आत गेलेला माणूस तिथेच पडतो, आणि त्याला काढायला गेलेला दुसराही. म्हणून दोन वेगळ्या प्रकारचा ओला कचरा बंद शेडमध्ये उघड्या खड्ड्यात मिसळायचा नाही, आणि छातीच्या उंचीवर वायुमापक लावल्याशिवाय कोणी जवळ जायचे नाही. ‘जास्तीत जास्त प्रकारचा कचरा घ्या’ असे सांगणारी धोरणे हे कधीच लिहीत नाहीत.

आता कच्च्या मालाबद्दल. जर्मनीने २००४ मध्ये ऊर्जापिकांना जादा दर दिला आणि शेतकऱ्यांनी त्याला अगदी अपेक्षित प्रतिसाद दिला : मका लावला. एक टन मक्याच्या मुरघासातून सुमारे २०० घनमीटर बायोगॅस निघतो. एक टन गाईच्या पातळ शेणातून २० ते २५. मग शेण कोण वाहून नेणार? गावोगावचा शिवार मक्याने भरला, जमिनीचे खंड वाढले, दूध उत्पादकांची कुचंबणा झाली. २०१२ च्या कायद्यात नव्या प्रकल्पांसाठी मका आणि धान्याचे प्रमाण वजनाने ६० टक्क्यांवर बांधावे लागले, आणि पुढे ते आणखी खाली आणले गेले.

मक्याचा जमिनीचा हिशेब केला की हा मार्ग का बंद करावा लागला ते लगेच कळते. एक हेक्टर मका, साधारण ४५ टन मुरघास, त्यातून सुमारे ४,८०० घनमीटर मिथेन, म्हणजे ४८ मेगावॅट तास ऊर्जा. त्याच हेक्टरवर सौर पटले बसवली तर जर्मनीच्या उन्हातही वर्षाला ७०० मेगावॅट तासांहून जास्त वीज मिळते. ३५ अब्ज घनमीटर सगळाच्या सगळा मक्यातून काढायचा ठरवला तर सुमारे ७३ लाख हेक्टर जमीन लागेल. जर्मनीची नांगरटीखालची एकूण जमीनच १ कोटी १७ लाख हेक्टरच्या आसपास आहे. प्रकल्पांची गणितेही अशीच. वर्षाला ५० लाख घनमीटर देणारा बऱ्यापैकी मोठा प्रकल्प धरला तरी ३५ अब्जांसाठी सात हजार प्रकल्प लागतात. २०२४ मध्ये संपूर्ण युरोपात बायोमिथेनचे प्रकल्प दीड हजारांच्या आसपास होते.

मक्याला पर्याय आहे, आणि तो इटली आणि फ्रान्सने दाखवला. इटलीत पो नदीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी मुख्य पिकाच्या आधी किंवा नंतर, जमीन एरवी मोकळी राहिली असती त्या काळात, राय किंवा ट्रिटिकेलसारखे पीक घेऊन ते टाकीत घालायला सुरुवात केली. धान्य किंवा चारा कमी झाला नाही, जमीन हिवाळ्यात झाकलेली राहिली, आणि टाकीतून निघालेली स्लरी परत त्याच जमिनीत गेली. फ्रान्सने मुख्य पिकांचा वाटा १५ टक्क्यांपुरता मर्यादित ठेवून मधल्या पिकांना मोकळीक दिली. यातही एक फट आहे. मधले पीक कापायला थोडे थांबले की त्याचे वजन वाढते, पण पुढचा मका पेरायला दोन-तीन आठवडे उशीर होतो आणि त्याचे उत्पन्न घटते. मग ते मधले पीक नावापुरते मधले उरते. कापणीची शेवटची तारीख ठरवून दिल्याशिवाय ही मर्यादा कागदावरच राहील.

स्लरीचेही विसरून चालणार नाही. पचनानंतर नायट्रोजनचा मोठा भाग अमोनियाच्या रूपात येतो. पिकाला तो लगेच लागू होतो, पण तेवढ्याच पटकन उडूनही जातो. उन्हात, वाऱ्यावर फवाऱ्याने उडवला तर निम्मा खतगुण हवेत. लोंबत्या नळ्यांनी जमिनीलगत सोडणे किंवा चरात घालणे हाच उपाय, तोही ढगाळ, थंड दिवशी. शिवाय युरोपच्या १९९१ च्या नायट्रेट निर्देशानुसार संवेदनशील क्षेत्रात प्राण्यांच्या खतातून हेक्टरी वर्षाला १७० किलोंपेक्षा जास्त नायट्रोजन देता येत नाही. म्हणजे बायोगॅस प्रकल्पाचा आकार शेवटी गॅसच्या मागणीवर ठरत नाही. टँकर जिथवर परवडतो त्या पंधरा-वीस किलोमीटरच्या टापूत स्लरी जिरवायला किती जमीन आहे, यावर ठरतो. डेन्मार्कमध्ये हे जमले याचे कारण म्हणजे शेण घेऊन आलेला टँकर परतताना स्लरी घेऊन जातो. एकही फेरी रिकामी नसते. तिथल्या वाहिनीत आज सुमारे ४० टक्के गॅस बायोमिथेन आहे.

वाहिनीचा एक प्रश्न बाहेरून दिसत नाही. गायी उन्हाळ्यातही तेवढेच शेण देतात, पण घरे तापवायला गॅस लागत नाही. गावाकडची वितरणवाहिनी जुलैत तुडुंब भरते आणि प्रकल्पाला गॅस जाळून टाकावा लागतो. फ्रान्सने २०१८ च्या कायद्याने प्रकल्पांना वाहिनीत गॅस सोडण्याचा हक्क दिला, आणि २०१९ पासून उलट दिशेने काम करणारे कॉम्प्रेसर बसवायला सुरुवात केली : गावच्या वाहिनीतला जास्तीचा गॅस दाब वाढवून मुख्य वाहिनीत, तिथून जमिनीखालच्या साठ्यात. प्रश्न फक्त कॉम्प्रेसरचा खर्च कोणी उचलायचा हा होता. फ्रान्सने तो वाहिनीच्या दरात विभागला. जिथे तो एकेका प्रकल्पाच्या माथी मारला जातो, तिथे वाहिनीपासून चार किलोमीटरवरचा शेतकरी कधीच जोडला जात नाही.

आता तिसरा प्रश्न : जाळायचा कुठे. १०० युनिट हरित विजेपासून हायड्रोजन केला तर साधारण ६५ ते ७० युनिट ऊर्जा हातात उरते. तो घरच्या बॉयलरमध्ये जाळला तर ६० युनिट उष्णता मिळते. त्याच १०० युनिटवर हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता घरात ओढणारे यंत्र) चालवला तर ३०० युनिट. पाच पटींचा फरक आहे, आणि कुठल्याही अनुदानाने तो भरून निघत नाही. नैसर्गिक गॅसमध्ये हायड्रोजन मिसळण्याचेही तसेच. घनफळाने २० टक्के मिसळला तरी उष्णतेत त्याचा वाटा ७ टक्केच, कारण त्याचे उष्णतामूल्य घनमीटरमागे मिथेनच्या तिसऱ्या हिश्श्याइतके आहे. एवढ्यासाठी मीटर, कॉम्प्रेसर, बर्नर, सगळे तपासून बदलायचे. ब्रिटनने २०२३ मध्ये हायड्रोजनवर घरे तापवण्याचे गावपातळीवरचे दोन्ही प्रयोग गुंडाळले, ते योग्यच झाले.

१ कोटी टन हायड्रोजन युरोपात बनवायचा तर किलोमागे ५२ युनिट धरून ५२० अब्ज युनिट वीज लागते. जर्मनीच्या वर्षभराच्या वापराएवढी. युरोपीय लेखापरीक्षकांनी जुलै २०२४ च्या अहवालात हे लक्ष्य गाठले जाण्याची शक्यता कमी असल्याचे म्हटले. मला वाटते ते लक्ष्य मोकळेपणाने खाली आणावे आणि जो हायड्रोजन बनेल तो जिथे दुसरा पर्यायच नाही तिथे द्यावा : खतासाठीचा अमोनिया, तेलशुद्धीकरण, लोहखनिजापासून पोलाद. आज युरोपातले कारखाने जो हायड्रोजन वापरतात तो जवळपास सगळा खनिज गॅसपासून येतो. आधी तो बदलावा. २०२३ च्या सुधारित निर्देशात उद्योगांच्या वापरातल्या हायड्रोजनपैकी २०३० पर्यंत ४२ टक्के आणि २०३५ पर्यंत ६० टक्के हरित असावा ही अट आहे. तीच खरी कामाची आहे.

बायोमिथेनची जागा वेगळी आहे. तो साठवता येतो. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीत आभाळ भरलेले, वारा पडलेला, अशा दिवशी विजेचा घाऊक दर एका तासासाठी मेगावॅट तासाला ९३६ युरोपर्यंत गेला. अशा दिवसांसाठी बायोगॅस राखून ठेवला पाहिजे. वर्षभर चोवीस तास एकाच गतीने इंजिन चालवून सौरवीज फुकट मिळत असलेल्या दुपारीही वीज ओतत राहणे म्हणजे साठवलेले धान्य सुगीत विकण्यासारखे. उपाय माहीत आहे : गॅस तेवढाच, इंजिने दुप्पट-तिप्पट क्षमतेची, गॅसचा साठा दहा-बारा तासांचा, आणि वीज फक्त सकाळ-संध्याकाळच्या चढ्या तासांना. जर्मनीने २०२५ च्या सुरुवातीला हमीदर ठरावीक तासांपुरताच देण्याकडे कायदा वळवला. हे पाऊल दहा वर्षे आधी पडायला हवे होते.

शुद्धीकरणात वेगळा होणारा कार्बन डायऑक्साइडही आता कचरा राहिलेला नाही. डेन्मार्कमधल्या कासो इथे मे २०२५ मध्ये वर्षाला ४२,००० टन ई-मिथेनॉल (हरित हायड्रोजनपासून केलेले द्रव इंधन) बनवणारा कारखाना सुरू झाला. त्याला लागणारा कार्बन डायऑक्साइड बायोगॅस प्रकल्पातून येतो आणि हायड्रोजन पाण्याचे विजेने विघटन करणाऱ्या इलेक्ट्रोलायझरमधून. लांब पल्ल्याच्या मोठ्या जहाजांना आज विजेवर चालवता येत नाही. तिथे हा गॅस पोहोचला तर त्याचे सोने झाले.

कागदोपत्री व्यवहाराबद्दल थोडे. वाहिनीत गेलेला रेणू ओळखता येत नाही, म्हणून प्रमाणपत्र विकले जाते. डॅनिश शेतकऱ्याला उत्पादनासाठी अनुदान, आणि तोच गॅस स्वीडनमध्ये ‘विकला’ की तिथे करमाफी, असे दुहेरी लाभ मिळू लागले. डिसेंबर २०२२ मध्ये युरोपीय संघाच्या सर्वसाधारण न्यायालयाने या स्वीडिश करमाफीला आयोगाने दिलेली मंजुरी रद्द केली, कारण आयात गॅसला दोन्ही देशांत मदत मिळते का याची आयोगाने पुरेशी चौकशीच केली नव्हती. सर्व देशांची एकच सामाईक नोंदवही झाल्याशिवाय हा गोंधळ मिटणार नाही.

आपला संबंध दोन ठिकाणी येतो. पहिला हायड्रोजनचा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये हरित हायड्रोजन धोरण मंजूर केले, आणि देशाच्या योजनेतही युरोपला निर्यात गृहीत आहे. भारताच्या व्याख्येत एक किलो हायड्रोजनमागे २ किलो कार्बन डायऑक्साइडची मर्यादा आहे. युरोपच्या, खनिज इंधनाच्या तुलनेत ७० टक्के उत्सर्जन वाचवण्याच्या अटीतून सुमारे ३.४ किलो निघतात. आकडा पाहून आपले निकष कडक वाटतात, पण अडचण दुसरीकडेच आहे. युरोपची मर्यादा वाहतूक धरून आहे. त्यांना वीज नव्या, खास उभारलेल्या सौर किंवा पवन प्रकल्पाची हवी. आणि १ जानेवारी २०३० पासून ज्या तासाला हायड्रोजन बनला त्याच तासाची वीज दाखवावी लागेल. दिवसा ग्रिडमध्ये वीज जमा करून रात्री उचलण्याची आपल्याकडची बँकिंगची सोय या अटीत बसत नाही. जैवकचऱ्यापासून केलेला हायड्रोजनही युरोपच्या या हायड्रोजन-वर्गात मोजला जात नाही. कोकणच्या किनाऱ्यावर अमोनियाचे कारखाने काढणाऱ्यांनी बॅटरी किंवा हायड्रोजन साठवण टाक्यांचा खर्च आजच धरावा. नंतर करारात तो कोणी देणार नाही.

दुसरा संबंध सीबीजीचा, म्हणजे शुद्ध करून दाबाखाली भरलेल्या बायोगॅसचा. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०१८ च्या ‘सतत’ योजनेत ५,००० प्रकल्पांचे लक्ष्य होते. आपण त्याच्या जवळपासही नाही. साखर कारखान्यांचा प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) हा आपला सर्वांत चांगला कच्चा माल. एक टन सीबीजीला साधारण २५ टन प्रेसमड लागतो. पण गाळप हंगाम चार-पाच महिन्यांचा आणि प्रकल्प बारा महिन्यांचा. मार्चमध्ये उघड्यावर रचलेला ढीग आतून तापतो, कधी पेटतो, आणि ऑगस्टपर्यंत त्यातला गॅस देणारा भाग बराचसा नाहीसा होतो. युरोपात मुरघास दाबून, हवा काढून, कडेपर्यंत कापडाने झाकून ठेवतात, त्याच शिस्तीने प्रेसमड ठेवावा लागेल. आणि पचनानंतरची स्लरी उघड्या लगूनमध्ये (साठवण तळ्यात) सोडून वर सीबीजीला हरित म्हणता येणार नाही. युरोपच्या परिशिष्टातले २२ आणि उणे १०० हे आकडे शेणाचे असले, तरी त्यातला झाकणाचा धडा आपल्या लगूनलाही लागू पडतो.

म्हणून विनंती अशी की, यापुढे कुठल्याही बायोगॅस प्रकल्पाच्या उद्घाटनाची बातमी देताना रोजच्या टनांबरोबर तीन गोष्टी बातमीदाराने विचाराव्यात : स्लरीची साठवण टाकी झाकलेली आहे का, टाकाऊ वायू जाळला जातो का, आणि गळतीची शेवटची मोजणी कधी झाली. उत्तर मिळाले नाही, तर तेही छापावे.

आपला,
एक वाचक, रासायनिक अभियंता
पुणे